ब्रेकचे गुण

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघी ठणठणीत आहोत. फोनच केला असता, पण दिवसभर मी गाडीत. गाडीत फोनला नुसता हात लागला तरी तुझी ती डबी गुण कापते. घरी येऊन फोन करावा, तर तू मीटिंगमध्ये. शेवटी म्हटलं, लिहावंच सरळ.

‘तुझी डबी’ म्हणते, कारण ती माझ्या गळ्यात तूच मारलीस. “ताई, आमच्या कंपनीची डबी गाडीत बसव. तू कशी चालवतेस ते ती आम्हाला कळवत राहील. नीट चालवलीस की गुण वाढतील, विमा स्वस्त होईल.” मी बसवली. आता रोज संध्याकाळी मोबाईलवर एक लालबुंद रडका चेहरा उगवतो आणि मला सांगतो, ‘आज आपण पुन्हा जोरात ब्रेक दाबलात.’ अरे, दाबला! का दाबला ते विचार ना त्याला.

वरच्या वस्तीला जाणारा उतार तुला आठवतो का? तिथे आता दगडाची खाण झाली आहे. खाणवाल्यांनी रस्त्याला चिकटून उंच भिंत घातली आणि त्या भिंतीतच फाटक ठेवलं. आतून ट्रक येतोय की सायकल, समोर येईपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. भिंतीतून एकदम ट्रकचं नाक बाहेर येतं आणि माझा पाय आपोआप जातो ब्रेकवर. माझे निम्मे पेशंट वरच्या वस्तीत. दिवसातून कितीदा जायचं-यायचं, आणि प्रत्येक वेळी गुण घालवायचे.

आज तुमच्या कंपनीचं पत्र आलं. गुण असेच राहिले तर पुढच्या वर्षी विमा मिळणार नाही. हॉस्पिटलचा नियम तर तुला माहीत आहे, विमा नसलेल्या गाडीतून घरी जाऊन तपासायची परवानगी नाही. वर बस जाते ती सकाळी आणि संध्याकाळी. मग त्या माडीवरून पडलेल्या सुताराला कुशीवर कोण वळवणार? शिंपीणकाकूंच्या पाठीच्या जखमा कोण बांधणार? त्यांच्या सुनेला रक्त बघून भोवळ येते.

त्यात ठकीला लायसन्स मिळालं म्हणून तिचंही नाव मी विम्यात घातलं. म्हणजे पोरीनं ब्रेक मारला तरी पावती माझ्या नावावर.

हे गुण तुझ्याच विभागातून जातात ना? काहीतरी कर रे बाबा. ठकीचे बाबा गेल्यापासून या नोकरीवरच घर उभं आहे.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून आधी हसलो. लालबुंद रडका चेहरा! तो काढणाऱ्या मुलीला मी हे सांगणार आहे.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. गुण मला बदलता येत नाहीत. एकाचे बदलले की सगळी व्यवस्थाच खोटी ठरते. आणि ब्रेकचा नियम बसवणाऱ्यांत मी स्वतः होतो. लाखो गाड्यांच्या नोंदी आम्ही बघितल्या. जे सारखे कचकन ब्रेक मारतात त्यांचे अपघातही जास्त होतात. पुढच्या गाडीला चिकटून चालणारे, लक्ष नसलेले, असेच बरेचसे असतात. तू तशी नाहीस हे मला ठाऊक आहे, पण डबीला तुझी भिंत दिसत नाही. तिला फक्त गाडी कशी थांबली ते कळतं.

उपाय आहे पण. उतार लागायच्या आधीच गाडी खालच्या गिअरमध्ये घे. ब्रेक दाबायचाच झाला तर एकदम नको, हलके हलके, टप्प्याटप्प्यानं. विम्याचं नूतनीकरण होईपर्यंत एवढं सांभाळ, मग बघू. ठकीलाही नीट समजावून सांग. नवीन हात आहे तिचा, घाबरली की पाय आपटत असेल. तिचं एक-दोन आठवड्यांत सुधारेल.

सुताराला आणि शिंपीणकाकूंना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी तरी गुण मिळव!

तुझा,
धाकटा

९ मार्च

प्रिय धाकट्या,

साखर पडो तुझ्या तोंडात! काल मोबाईलवर हिरवा चेहरा आला, दात काढून हसणारा. आणि आज नूतनीकरणाचं पत्र. विमा मिळाला. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये एकटीच टाळ्या वाजवत होते. वॉचमनला वाटलं, बाईला काहीतरी झालं.

तुझी युक्ती लागू पडली, पण जिवावर आलं रे. त्या भिंतीजवळ आले की पाय शिवशिवतो आणि मी त्याला दामटून धरते. परवा एक ट्रक बाहेर आला. मी हलकेच दाबला, टप्प्याटप्प्यानं, तू सांगितलंस तसा. ट्रकचा मागचा कोपरा आरशाला घासून गेला. आरसा वाकडा झाला, गुण मात्र शाबूत! हसावं की रडावं कळेना.

ठकीवर मात्र फार तोंडसुख घ्यावं लागलं. गाडीत शेजारी बसले की माझं सुरूच असतं. “पुन्हा दाबलास! पाय आहे की हातोडा? वर माझी माणसं पडून आहेत, तुझ्यामुळे माझी गाडी जाईल.” एकदा ती जेवता जेवता ताटावरून उठून गेली. पण शिकली बघ. आता इतकी मऊ चालवते की मागच्या सीटवर दूध ठेवलं तरी सांडणार नाही. रुसते, पण गुणी आहे पोर.

तुझे उपकार कसे फेडू सांग.

तुझी,
ताई

२ एप्रिल

धाकट्या,

फोनवर मला बोलता येईना. तुझा ‘हॅलो’ ऐकला आणि नुसता हुंदका आला. तू तरी काय समजणार त्यातून. नंतर मी पुन्हा पुन्हा केला, तू उचलला नाहीस. कामात असशील. म्हणून लिहिते आहे.

गाडी ठकी चालवत होती. मी वर शिंपीणकाकूंकडे होते. पट्ट्या संपल्या म्हणून मीच तिला फोन करून म्हटलं, कपाटातला खोका घेऊन ये. खाणीत ट्रकचं वजन करणारा एक जण आहे, सगळे त्याला काटेवाला म्हणतात. जेवायची सुट्टी झाली म्हणून तो सायकलवर फाटकातून बाहेर आला, आणि ठकीनं त्याला उडवलं.

तो भिंत आणि गाडीच्या मध्ये सापडला. ठकी नुसती स्टिअरिंग धरून बसली होती. तिला फोनसुद्धा सापडेना. पण गाडीनंच हाक मारली. तुमच्या त्या डबीतून धक्का बसल्याचं कळलं म्हणे, आणि कुणी फोन करायच्या आत ॲम्ब्युलन्स निघाली होती. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. त्या डबीला मी इतक्या शिव्या घातल्या, आणि तिनंच त्याचा जीव वाचवला.

पाय वाचला नाही. मांडीपासून काढावा लागला. मी माझ्या हातांनी तिथे पहिलं ड्रेसिंग केलं. त्याच्या बायकोला माहीत नव्हतं मी कोण ते. “सिस्टर, तुमचे हात किती हलके आहेत,” म्हणाली. मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं.

ठकी म्हणते, “आई, मी ब्रेक दाबला. लागलाच नाही.” पोलिसांनाही तिनं तेच सांगितलं. म्हणजे ब्रेक निकामी झाला होता. धाकट्या, हे तुमच्या डबीत आलं असेल ना? पाय कधी पडला, गाडी कधी थांबली, सगळं? मला ती नोंद काढून दे. माझ्या पोरीची चूक नाही एवढं एकदा सिद्ध होऊ दे. मी तुझ्या पाया पडते.

ताई

११ एप्रिल

प्रिय ताई,

ठकीला सांग, मामा आहे पाठीशी.

नोंद मी अजून बघितलेली नाही. अपघाताच्या नोंदींचं काम दुसऱ्या टेबलावर असतं. मिळायला वेळ लागेल, परवानग्या असतात. कंपनीचा कल तुझ्या गाडीच्या गॅरेजवर दोष टाकण्याकडे दिसतोय, म्हणजे ब्रेकचं काम नीट झालं नसावं असा. तसं झालं तर ठकीवर काही येणार नाही. तू सध्या कुणाला काही बोलू नकोस आणि लिहूनही देऊ नकोस.

फोन उचलला नाही, माफ कर. इथे फार धावपळ आहे.

तुझा,
धाकटा

१६ एप्रिल

धाकट्या,

कल? गॅरेजवर दोष टाकण्याकडे कल? तुला ऐकायचं आहे इथे काय चाललं आहे ते?

गॅरेजवाल्याला पोलिसांनी दोनदा बोलावून नेलं. त्याचं दुकान बंद आहे. माझ्या दारात येऊन उभा राहिला. “ताई, ब्रेक मी स्वतः तपासले होते, पोराबाळांची शपथ घेऊन सांगतो.” मी दार लावून घेतलं. दार लावलं मी त्याच्या तोंडावर! लायसन्स मिळाल्यावर ठकीला पेढा देणारा हा माणूस.

काटेवाल्याची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असते. आता तिला कळलं आहे मी कोण ते. मी समोरून गेले की ती पदर तोंडाला लावते आणि मान फिरवते. तुमच्या कंपनीचा माणूस तिला सांगून गेला, चूक गाडीची, गॅरेजची की चालवणारीची, हे ठरेपर्यंत काहीच मिळणार नाही. कधी ठरणार? तर वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर त्या माणसानं काय एका पायावर उभं राहायचं?

आणि ठकी. ती जेवत नाही. अंघोळीला गेली की मी दाराला कान लावून उभी असते, पाण्याचा आवाज थांबला की दार वाजवते. काल तिचा हात धरून म्हटलं, “अगं, ब्रेकच लागला नाही, तुझा काय दोष?” तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुणा दुसऱ्याचीच आई आहे.

नोंद बघितली नाही म्हणतोस. लहानपणापासून तुझं खोटं मला अक्षरावरून कळतं. तू बघितली आहेस. काय आहे त्यात? कंपनीची नोकरी प्यारी असेल तर राहू दे भाऊपण, निदान माणूस म्हणून सांग. मला आता अंधारात राहवत नाही.

ताई

२१ एप्रिल

ताई,

बघितली आहे. त्याच दिवशी बघितली.

धक्का बसलेल्या गाडीची सूचना आमच्या सगळ्यांच्या पडद्यावर येते. तुझ्या गाडीचा नंबर दिसला तेव्हा मला वाटलं, तूच. मग तुझा फोन आला, तुझं रडणं ऐकलं, आणि जिवंत आहेस एवढ्यानंच बरं वाटलं. लाज वाटते सांगायला. नंतर नोंद उघडली आणि तुझे फोन उचलायचं धाडस गेलं.

ब्रेक चांगले होते, ताई.

ठकीचा पाय ब्रेकवर पडला होता, वेळेवर पडला होता. तिनं तो उचलला. पुन्हा हलकेच ठेवला, पुन्हा उचलला. मग एकदम सगळा जोर लावून दाबला, पण तेव्हा सायकल समोर होती. पहिल्यांदा पडलेला पाय तिनं तसाच दाबून धरला असता तर गाडी त्या माणसाच्या अलीकडे थांबली असती. मी गणित करून बघितलं, परत परत केलं. दर वेळी थांबते.

तिनं का उचलला ते मला माहीत आहे. तुलाही कळलं असेल. हलके हलके, टप्प्याटप्प्यानं. ते शब्द माझे आहेत.

साहेबांनाही सगळं ठाऊक आहे. गॅरेजवर ढकललं तर पैसे गॅरेजच्या विम्यातून जातील म्हणून ते गप्प आहेत. नोंद कुणी मागितल्याशिवाय द्यायची नाही असं ठरलं आहे.

अजून एक. मी त्या उताराच्या सगळ्या नोंदी काढल्या. फक्त तुझ्या नाही, तिथून जाणाऱ्या आमच्या प्रत्येक गाडीच्या. नकाशावर ती जागा लाल ठिपक्यांनी अशी भरली आहे की खालचा रस्ता दिसत नाही. जो तिथून जातो तो ब्रेक मारतो! आम्ही प्रत्येकाचे गुण कापले. ते फाटक हलवा, एवढं कुणाला कळवावं, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मला सुचलं नाही. साहेबांना म्हटलं, नकाशा रस्ते खात्याला पाठवू. ते म्हणाले, “आपण विमा विकतो. रस्ते दुरुस्त करायला सरकार आहे.” मी तो माझ्या नावानं पाठवून दिला. आता नोकरी राहणार नाही, बहुधा या आठवड्यातच जाईल.

हे पत्र ठकीला दाखवायचं की फाडून टाकायचं, ते तू ठरव. फाडलंस तर मीही तोंड उघडणार नाही. तुला नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही.

धाकटा

२४ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र पोहोचलं. चार ओळीच लिहिते.

गॅसजवळ उभी राहून वाचलं. जाळायला दोन पावलंही जायची गरज नव्हती. ठकी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला वाटतं मला माहीत नाही. मला वाटत होतं तिला बरं वाटावं म्हणून मी बोलते आहे. किती दिवस मी तिच्या जखमेवर रोज मीठ चोळत होते रे, ब्रेक लागला नाही, ब्रेक लागला नाही म्हणून.

पेशंटला वाईट बातमी कशी सांगायची याचं आम्हाला शिक्षण देतात. आज त्यातला एक शब्द आठवेना.

ताई

३० मे

प्रिय मामा,

आई म्हणाली, तू लिही. म्हणून मी लिहिते आहे.

तुझं पत्र तिनं ओट्यावर माझ्यासमोर ठेवलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मी वाचलं. मामा, तुला नोंदीत पाय दिसला, पण मी काय ऐकत होते ते त्यात नसेल. मला सायकलचं पुढचं चाक दिसलं होतं. पाय ठेवला आणि कानात आईचा आवाज आला. वाटलं, सायकलच आहे, थांबेल तो. गुण जातील. तेवढंच. माणूस समोर असताना माझ्या डोक्यात गुण होते, हे मी कुणाला सांगणार होते? म्हणून ब्रेक लागला नाही म्हटलं. मग ते गॅरेजवाल्या काकांच्या अंगावर गेलं आणि मला परत फिरताच येईना.

काल अपघाताची सरकारी चौकशी झाली. लांबट खोली, डोक्यावर करकरणारा पंखा, खिडकीत फायली रचलेल्या. चौकशी अधिकारी होते, कंपनीचा वकील होता, गॅरेजवाले काका होते. काटेवाला कुबड्या घेऊन आला होता, बायकोच्या आधारानं. मला वाटलं होतं म्हातारा असेल. तो तुझ्याएवढाच आहे.

मी उभी राहिले आणि सांगितलं. ब्रेक चांगला होता. मी पाय उचलला. गुण जातील म्हणून उचलला. मामांनी नोंद बघितली आहे, ती मागवा. गॅरेजवाले काका खाली बघून रडायला लागले. वकील काहीतरी म्हणायला उठला, अधिकाऱ्यांनी त्याला हातानंच बसवलं.

तेवढ्यात काटेवाला बोलला. त्यानं मला विचारलं नाही, अधिकाऱ्यांना विचारलं. “साहेब, हिला एक विचारा. माणूस समोर असताना ब्रेक दाबायचा नाही, हे हिला शिकवलं कुणी?”

मी म्हटलं, “कुणी नाही.”

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उभी होती, नर्सच्याच कपड्यांत, सरळ ड्यूटीवरून आलेली. म्हणाली, “मी शिकवलं.” तिचा आवाज अजिबात कापला नाही. मग वकिलाकडे बोट करून म्हणाली, “आणि यांच्या कंपनीनं मला शिकवलं. माझं लिहून घ्या. यांचंही घ्या.”

अधिकाऱ्यांनी दोन्ही लिहून घेतलं. माझं लायसन्स काढून घेतलं आहे, खटला वेगळा चालेल. आमचे वकील म्हणतात, शिक्षा होऊ शकते. कंपनीला आता काटेवाल्यांना भरपाई द्यावीच लागेल. तुझा नकाशा अधिकाऱ्यांच्या टेबलावर होता. फाटक बंद करायचा हुकूम निघणार म्हणतात. अजून निघालेला नाही, ट्रक तसेच बाहेर येतात. तुझी नोकरी गेल्याचं आईनं सांगितलं. मला काय लिहावं कळत नाही.

आपली गाडी भंगारात गेली. आई सकाळच्या बसनं वरच्या वस्तीत जाते, घरोघर पायी फिरते, संध्याकाळच्या बसनं परत येते. पाय सुजतात तिचे. अंघोळीला गेले की ती अजून दाराबाहेर उभी असते. मला तिची सावली दिसते. मी आतून नळ सोडून ठेवते, तिला आवाज येत राहावा म्हणून.

एक राहिलं. चौकशी संपल्यावर आम्ही बसस्टॉपवर आलो तर काटेवाले आणि त्यांची बायकोही तिथेच. बाक एकच. आम्ही उभ्याच राहिलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बस आली. तिची पायरी उंच होती. त्यांची बायको दोन्ही कुबड्या घेऊन आधी वर चढली आणि वरून हात द्यायला लागली, पण तो हात त्यांच्यापर्यंत पोहोचेना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. जवळ मीच होते.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकून ते वर चढले. मागे वळून बघितलं नाही. मामा, माणूस किती जड असतो, मला माहीत नव्हतं. मी दोन्ही पाय रोवून उभी राहिले, हलले नाही.

तुझी,
ठकी